पाटी धरायला माणूस

फौंड्रीच्या सुपरवायझरनं फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. "मॅडम," तो म्हणाला, "आमचा माल गोल हाय. तुमचा कॅमेराच चकणा हाय."

मी त्याला म्हटलं, मशीन खाली उतरवून ठेवा, उद्या टेम्पो पाठवून परत आणते, बघते आणि कळवते. फोन ठेवला आणि यादी करायला घेतली. काही बिघडलं की मी आधी यादी करते. काय काय बिघडलेलं असू शकतं ते लिहायचं, सोपं वर, अवघड खाली, आणि एकेक खोडत जायचं. घरातला मिक्सर बंद पडला तरी मी असंच करते, आणि घरातले हसतात. हसू देत. मिक्सर चालू होतो.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फौंड्रीत ओतून, घासून तयार झालेल्या लोखंडी चकत्या पट्ट्यावरून पुढं सरकतात. वरून एक कॅमेरा त्यांचा फोटो काढतो आणि आमचा प्रोग्राम त्या फोटोवरून सांगतो की ही चकती मापात आहे, ही नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण कॅमेरा आपल्यासारखा सरळ बघत नाही. भिंगामुळं कडेच्या रेषा किंचित वाकतात, आणि हे वाकणं प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं असतं. म्हणून मशीन बसवण्याआधी त्या कॅमेऱ्याची खोड समजून घ्यावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन छापलेली एक पाटी घ्यायची. चौकोनाचं माप आपल्याला माहीत असतं. ती पाटी कॅमेऱ्यासमोर कधी जवळ, कधी लांब, कधी कलती, कधी तिरकी धरायची आणि फोटो काढत जायचं. प्रोग्राम प्रत्येक फोटोत चौकोनांचे कोपरे शोधतो, असायला हवे होते कुठं आणि दिसतायत कुठं याचा ताळा मांडतो आणि शेवटी एक आकडा देतो. त्या आकड्याचा अर्थ असा, की अजून मी एवढा चुकतोय. आकडा लहान आला की जमलं.

या कामाला दोन माणसं लागतात. एक कॉम्प्युटरवर बसायला आणि एक पाटी धरायला. कॉम्प्युटरवर मी बसायचे. पाटी माझा धाकटा भाऊ धरायचा.

उद्यमनगरातलं हे दोन खोल्यांचं वर्कशॉप आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे, ते सोडलं. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका कारखान्यात होता, त्यानंही ते सोडलं. कोड माझा, कॅमेऱ्याचे ब्रॅकेट, दिवे, वायरी, पट्ट्याची मोटर हे सगळं त्याचं. आमच्या कामाच्या पद्धतीत जराही मेळ नव्हता. मी पाटीच्या प्रत्येक स्थितीचा क्रम लिहून भिंतीवर लावलेला असायचा. तो क्रम कधीच पाळायचा नाही.

"डावा कोपरा माझ्याकडं कलव. आणखी. आता हलू नकोस."

"आक्का, मी काय पुतळा हाय?"

"पुतळा असतास तर एव्हाना काम संपलं असतं."

"पुतळ्याला हार घालत्यात. मला चा सुद्धा न्हाय."

हात दुखायला लागले की तो पाटी उभी करून पोटावर टेकवायचा. माझ्या क्रमात पाटी आडवी असायची, म्हणून मी ओरडायचे. तो म्हणायचा, चौकोन चौकोनच राहतोय की, उभा काय न् आडवा काय. बाजूच्या लेथवाल्याकडं आमचा आवाज जायचा आणि तिथली माणसं विचारायची, आज भांडण कशावरनं? आम्ही दोघंही सांगायचो की भांडण नव्हतं. ते नव्हतंच.

मग तो चंदगडला गेला. त्याच्या सासऱ्यांचा तिकडं काजू सोलायचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांची तब्येत ढासळली, त्यांना माझी भावजय ही एकच मुलगी. हंगामापुरतं जाऊन येतो असं सांगून तो गेला. हंगाम संपला. मग कळलं की बिया एकदा भरून ठेवल्या की सोलायचं काम वर्षभर चालतं. मग भाचीला तिथल्या शाळेत घातलं. दर वेळी कारण वेगळं होतं आणि दर वेळी खरं होतं, त्यामुळं मला काही बोलायला जागा नव्हती. त्याचं टेबल मी होतं तसं ठेवलं. रोज पुसायचे, कारण धूळ उडाली की ती भिंगावर बसते.

तो नसताना पाटी मी खुर्चीवर ठेवायला लागले. मागं जाड पुस्तकं लावायची, धावत जाऊन बटण दाबायचं, परत येऊन पुस्तक काढायचं, थोडी कलती करायची, परत जायचं. होत होतं. वेळ लागायचा, पण होत होतं. जुन्या पाटीवरच्या कागदाला ओलाव्यानं फुगे आले होते, म्हणून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फ्लेक्सवाल्याकडून मी नवी पाटी सनबोर्डच्या हलक्या फळीवर छापून आणली. यादीत "पाटी मोजणे" असं होतं. पट्टी लावून मोजली, बरोबर आली, टिक केली. फौंड्रीचं मशीन बसवलं. आणि आता सुपरवायझर म्हणत होता, तुमचा कॅमेरा चकणा.

मशीन परत आलं. मी चकती कॅमेऱ्याखाली ठेवली. स्क्रीनवर ती लंबगोल आली. डोळ्यांना कळणार नाही एवढीच, पण प्रोग्रामला कळत होती आणि तो प्रत्येक चकती नापास करत होता. व्हर्नियर लावून चकती सगळीकडून मोजली. सुपरवायझर खरं बोलत होता.

यादीत पहिला संशय माझ्या कोडवर होता. मधल्या काळात मी ते बरंच बदललं होतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या ज्या तयार कोडवर, म्हणजे लायब्ररीवर, ते चालायचं तिची नवी आवृत्ती आली होती. कॅलिब्रेशन झालं की प्रोग्राम कॅमेऱ्याचे दोन आकडे देतो, एक आडव्या दिशेचा आणि एक उभ्या दिशेचा. चांगल्या कॅमेऱ्यात ते जवळजवळ सारखे येतात. माझे वेगळे येत होते. मला वाटलं, कुठंतरी आडव्या-उभ्या ओळींची अदलाबदल झाली असणार. ही चूक कॉलेजातल्या मुलांना मी वर्षानुवर्षं दाखवत आले होते. तीच आपण केली असेल तर बरं, एका ओळीत सुटेल. पण ओळ अन् ओळ वाचली, अदलाबदल नव्हती.

मग एक साधी परीक्षा घ्यायची ठरवली. जुन्या मशीनच्या कॅलिब्रेशनचे फोटो माझ्याकडं होते. तेव्हाचं उत्तर माहीत होतं. नव्या कोडला जुने फोटो द्यायचे. उत्तर तेच आलं तर कोड निर्दोष.

मी फोटो दिले. प्रोग्राम एकेक फोटो स्क्रीनवर आणून त्यावर रंगीत ठिपके मांडत गेला.

पाटी मध्ये, आणि तिच्या भोवती भाऊ. एका फोटोत नुसते कान. एकात कपाळ आणि त्यावर वर चढवलेला चष्मा. एकात पाटी खाली आहे आणि वर त्याचा पूर्ण चेहरा, तोंड उघडं, काहीतरी बोलतोय. काय बोलत असणार ते मला माहीत होतं. मी हलू नकोस म्हटलं होतं आणि तो उत्तर देत होता. हातोडी लागून काळं पडलेलं अंगठ्याचं नख. कोपराला चिकटपट्टी. तो महिनोन्‌महिने माझ्यासमोर असा उभा राहिला आणि मी त्या सगळ्या वेळात फक्त कोपऱ्यांवरचे ठिपके बघितले होते. प्रोग्रामसारखंच. त्याला पाटी दिसते, माणूस दिसत नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे पाटीमागची अडगळ.

आकडे आले. जुने होते तेच. कोड निर्दोष होता.

एरवी मी तिथंच "कोड" या शब्दावर रेघ मारून पुढच्या ओळीवर गेले असते. त्या दिवशी मी फोटो परत पहिल्यापासून चालवले. काही कारण नव्हतं.

पुढचे दिवस मी यादी खाली खाली उतरत गेले. नवा कॅमेरा सदोष असेल, म्हणून दुसरा लावून बघितला, त्यातही चकती लंबगोल. भिंग सैल असेल, आवळलं. ब्रॅकेट तिरका असेल, लेव्हल लावली. दिव्यांची सावली असेल, दिवे फिरवले. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे नव्या फोटोंमध्ये चूक किती ते सांगणारा आकडा अगदी लहान येत होता. प्रोग्राम म्हणत होता, सगळं जमलंय. फौंड्रीवाल्यानं आठवड्याच्या अखेरीपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं, आणि आवाजावरून त्यापुढं बघणार नाही हे कळत होतं.

मी भावाला फोन केला. यादीत अजून दोन-तीन गोष्टी शिल्लक होत्या, त्या एकटीला करता आल्या असत्या. तरी केला.

"काय करालाईस?"

"टरफलं भरालोय. बोल की."

"घरजावयाला टरफलं भरायला लावत्यात व्हय?"

"लावत न्हाईत, मीच भरतोय. काय बिघडलंय ते सांग. बिघडल्याबिगर तुझा फोन येत न्हाय."

मी त्याला यादी वाचून दाखवली. मागं बायकांचं बोलणं, पत्र्यावर काहीतरी ओतल्याचा आवाज येत होता. तो मध्ये एकदा कुणाला तरी "ती पोती आत घे" म्हणाला. मला वाटलं, तो ऐकत नाहीये. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी येतो. सकाळची एसटी धरतो. माझ्यासाठी काय करत बसू नकोस."

मी शनिवारची यादी केली. चौकटी दोन केल्या, एक माझी, एक त्याची. असं दोन चौकटींचं पान मी किती दिवसांनी आखत होते.

तो चंदगडहून गडहिंग्लजमार्गे आला, हातात काजू तुकड्याची पिशवी, थोडा काळवंडलेला, थोडा जाड झालेला. आत आल्या आल्या त्यानं आपल्या टेबलावरून हात फिरवला आणि बोटं बघितली. "एवढं चकचकीत मी असताना कवा नव्हतं," म्हणाला. मग चप्पल काढून, बाह्या वर सारून पाटीसमोर उभा राहिला, जसा काही काल संध्याकाळी घरी गेला होता.

मी कॉम्प्युटरवर बसले. सांगत गेले, तो धरत गेला. डावीकडं कलव, मागं जा, आता जवळ. आकडा लहान येत होता. मी फोटो मोठा करून कोपरे तपासत होते, तेव्हा पाटीच्या कडेवर त्याची बोटं दिसली. बोटांच्या टोकांची कातडी सोलवटून निघालेली होती, मध्येमध्ये तपकिरी डाग, जळल्यासारखे.

"बोटांना काय झालंय?"

"काजूच्या टरफलात तेल असतंय. लागलं की भाजतंय. जातंय आपोआप."

"हातमोजे न्हाईत?"

"हाईत की. पण मोज्यातनं कळत न्हाय, बी अख्खी सुटली का फुटली."

मला वाटत होतं तो तिकडं सासऱ्यांच्या खुर्चीवर बसत असेल, गाड्या मोजून घेत असेल. ही बोटं खुर्चीवर बसणाऱ्याची नव्हती. काम आवडल्याशिवाय माणूस मोजे काढून ठेवत नाही. वर्कशॉपमध्ये तोही कधी मोजे घालत नसे.

थोड्या वेळानं त्याचे हात भरून आले आणि त्यानं पाटी उभी करून पोटावर टेकवली. मी ओरडायच्या आत बटण दाबलं गेलं. आकडा एकदम वर उडाला.

"हललास."

"न्हाय हललो."

"परत घे. श्वास रोखून धर."

परत घेतला. आकडा आणखी वर. त्याला आडवी धरायला सांगितली, आकडा खाली. उभी, वर. तो पाटीवरून डोकं काढून माझ्याकडं बघायला लागला.

"पाटी मोजलीस काय?"

"मोजली की. टिक हाय."

"कुठनं?"

मी कुठून मोजली ते मला नीट आठवलं. आडव्या बाजूनं. चौकोन म्हटल्यावर दुसरी बाजू कोण मोजतं? मी स्टीलची पट्टी आणली. आडवी बाजू बिनचूक. उभी बाजू प्रत्येक चौकोनात केसभर जास्त. एका चौकोनात कळत नाही, पण पूर्ण पाटीवर ते अर्ध्या बोटाएवढं भरत होतं. चौकोन चौकोन नव्हतेच. मी पाटी खुर्चीवर कायम आडवी ठेवत आले, फार कलतीही करत नव्हते, पुस्तकं घसरायची म्हणून. त्यामुळं सगळे फोटो एकाच बाजूला खोटं बोलत होते, एकमेकांशी जुळत होते आणि प्रोग्राम त्यांच्यावर विश्वास ठेवून कॅमेऱ्यालाच वाकडं ठरवत होता.

आम्ही पाटी उचलून तशीच फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्याच्या दुकानात गल्लीतल्या कुठल्याशा दादाच्या वाढदिवसाचा बोर्ड वाळत होता. मी पट्टी लावून दाखवली. तो अजिबात गडबडला नाही.

"तुमची फाईल शीटला बसत नव्हती मॅडम. वर-खाली पांढरं राहत होतं. वाईट दिसलं असतं, म्हणून ओढून बसवलं."

"पण ओढल्यावर माप बदलतं की."

"सगळ्यांचंच ओढतोय आम्ही." त्यानं वाळत घातलेल्या दादाकडं बोट केलं. "आजवर कुणी तक्रार केली न्हाय. उलट म्हणत्यात, भरदार दिसतोय."

भाऊ हसायला लागला. फ्लेक्सच्या गुंडाळीवर बसून, डोळे पुसत हसला. फ्लेक्सवाला आधी रागावला, मग तोही हसायला लागला, आणि मीही. हे हसणं वर्कशॉपमध्ये अधूनमधून असायचं, आणि मला त्याची एवढी सवय होती की ते बंद झाल्यावर मी फक्त म्हणत राहिले, हल्ली इथं कसं अगदी सामसूम असतं.

आमचं काम जेवायच्या आत संपलं होतं. दोष सापडला होता. एवढे दिवस ज्याच्या मागं लागले होते ते हाती आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र चंदगडची संध्याकाळची गाडी किती वाजता सुटते याचा विचार करत होते, आणि तोवर काय काय काढता येईल याचा.

घरांचे नकाशे छापून देणारं एक दुकान आहे. तिथं मापाला कुणी हात लावत नाही, लावला तर इंजिनिअर लोक मारतील. तिथून नवा पट छापून घेतला. काचवाल्याकडून जाड काच कापून आणली. दोन्ही बाजू मोजल्या, दोघांनी, वेगवेगळ्या पट्ट्यांनी. मी काचेवर कागद चिकटवत बसले आणि त्याला म्हटलं, तुझ्या चौकटीत अजून ब्रॅकेटचं काम आहे. तो हो म्हणाला आणि कोपऱ्यात पडलेला, मोटर जळलेला उभा पंखा उचलून बाजूच्या लेथवाल्याकडं गेला.

बराच वेळ वेल्डिंगचा आवाज येत राहिला. मला वाटलं, जुन्या मित्रांत रमलाय.

तो परत आला तेव्हा पंख्याला पातीही नव्हती आणि जाळीही. दांडा होता, जो वर-खाली होतो. मान होती, जी कलते आणि वळते. आणि मानेपुढं एक लोखंडी चौकट, मध्ये बोल्ट आणि चाकी नट, म्हणजे चौकट आडवीची उभी फिरवता येईल. चौकटीला आतून रबर लावलं होतं, काच बसेल असं.

"हे काय?"

"तुझा पाटीवाला," तो म्हणाला. "तक्रार न्हाय, चा न्हाय, हलत न्हाय. आणि घरजावई बी न्हाय."

मी स्टँडभोवती एक फेरी मारली. मान हलवून बघितली. "इथं ढिलं आहे," म्हटलं. त्यानं पाना घेऊन आवळलं. "तळाला वजन पाहिजे, काच पुढं ओढेल." त्यानं तळावर लोखंडाचा एक ठोकळा बसवला. मी आणखी काही खोड काढायला बघत होते, पण मिळत नव्हती. त्याचं काम नेहमीच असं असायचं.

काच बसवली. तो स्टँड लावून माझ्याशेजारी येऊन बसला. इतकी वर्षं आम्ही कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना असायचो. एका बाजूला बसलेले हे पहिल्यांदाच. मी बटण दाबायचे, तो उठून मान थोडी फिरवायचा आणि परत बसायचा. काही वेळानं मी म्हटलं, बस तू, मी फिरवते. मला जमत होतं. आकडा आला. आमच्या कुठल्याही मशीनचा कधी आला नव्हता एवढा लहान. आडवा आणि उभा आकडा जवळजवळ एक. चकती ठेवली, गोल दिसली.

"बघ," तो खुशीत म्हणाला, "माझ्यापेक्षा भारी धरतंय."

"हं," मी म्हटलं.

त्याला एसटी स्टँडवर सोडायला मी स्कूटर काढली. चंदगडची गाडी लागली नव्हती. फलाटावर माणसं पिशव्यांवर बसली होती. तो भाचीबद्दल सांगत होता, तिला आता कानडी शब्दही येतात, वर्गातल्या पोरींकडून शिकली. मी ऐकत होते आणि डोक्यात एकच वाक्य तयार करत होते. ते मी बरेच महिने तयार करत होते. शेवटी कामाच्या वाक्यासारखं बोलले.

"परत येणार हाईस का न्हाय, ते एकदा सांग. म्हंजे मला तसं ठरवता येईल."

तो गाड्यांच्या पाट्या वाचत राहिला. मग म्हणाला, "न्हाय आक्का."

मी मान हलवली.

"तिथं सकाळी मी बॉयलर पेटवल्याबिगर काम सुरू होत न्हाय," तो म्हणाला. "वाट बघत बसलेल्या असत्यात सगळ्या बायका. हितं माझं काय अडत न्हाय. तू करतीस की सगळं."

"करते म्हणून काय झालं?"

हे मी तयार केलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि आवाज माझा नेहमीचा नव्हता. शेजारी पिशवीवर बसलेल्या बाईनं वर बघितलं. भावानं माझ्या हातातली स्कूटरची किल्ली घेतली, उगाच उलटसुलट केली आणि परत दिली. उत्तर मला नकोच होतं.

गाडी लागली. गर्दीत घुसून त्यानं खिडकीची जागा धरली आणि काच सरकवली. मी खाली उभी राहून म्हटलं, मोजे घालत जा, नाहीतर मी तुझ्या बायकोला फोन करीन. तो म्हणाला, तिनंही सांगून सांगून सोडून दिलंय. कंडक्टरनं दार ओढलं. गाडी फलाटावरून मागं आली, वळली आणि गेली. मी तिथून सरळ वर्कशॉपवर आले, मशीनचं पॅकिंग केलं आणि टेम्पोवाल्याला सोमवारचं सांगून ठेवलं.

फौंड्रीत सोमवारी सुपरवायझर स्वतः चकती घेऊन उभा होता, परीक्षकासारखा. त्यानं ती पट्ट्यावर ठेवली. हिरवा दिवा लागला. दुसरी ठेवली, हिरवा. मग त्यानं मुद्दाम ढिगातून खरोखरच मापात नसलेली एक शोधून आणली. तांबडा. तो खूश झाला. "आता डोळं जाग्यावर आलं," म्हणाला, आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "ते दुसरं पावणं न्हाईत आलं? फिटिंगला तेच असत्यात की."

इतके दिवस मी हे विचारणाऱ्याला सांगत आले होते, गावाकडं गेलाय, येईल.

"तो चंदगडला असतो," मी म्हटलं. "काजूचा कारखाना आहे."

"बरं झालं की मग. काजू तरी मिळतील."

मी म्हटलं, सांगते त्याला. मग स्टूल ओढून घेतलं, पाना घेतला आणि कॅमेऱ्याचं ब्रॅकेट पक्कं आवळायला वर चढले. हात वर ताणल्यावर स्टूल एका पायावर डुगडुगलं.

"नीट धर की रे," मी खाली न बघता म्हटलं.

सुपरवायझरनं पुढं होऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.